घाटात तिसऱ्या वळणावर तुफान खाली बसतो, काय करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून):

"ताई, मी साताऱ्यात राहतो, वय 31, एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. तीन वर्षं झाली पळतोय, यंदा हिल मॅरेथॉनच्या 21 किलोमीटरची तयारी चालू आहे. माझ्याकडं अकरा महिन्यांचा कारवानी कुत्रा आहे, तुफान नाव, माण तालुक्यातनं चुलत्यानं आणून दिला. सात महिन्यांचा होता तेव्हापासून तो माझ्याबरोबर पळतो, आठवड्यातनं चार दिवस, समर्थ मंदिरापासून यवतेश्वर आणि परत, कधी पुढं कासच्या रस्त्याला, म्हणजे 8 ते 14 किलोमीटर. त्याला आवडतं, पट्टा हातात घेतला की उड्या मारतो. गेला महिनाभर घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणाला तो खालीच बसतो, ओढलं की उठतो. सकाळी उठला की लंगडतो, कधी पुढचा डावा पाय, कधी उजवा, तासाभरात मोकळा होतो. एक-दोनदा माझी अंगदुखीची अर्धी गोळी दिली, फरक पडला. वडील म्हणतात लाड करून नाजूक केलास, रानातली कुत्री दिवसभर पळतात. बायको म्हणते नेऊच नको. नाही नेलं तर गेटपाशी रडतो, चपला फाडतो, मला गिल्टी वाटतं. कधी वाटतं चुलत्याच्या शेतावर सोडावा, तिथं मोकळा पळेल तरी. त्याचा स्टॅमिना कसा वाढवू? का सोडून देऊ?"

ताई म्हणालास म्हणून अरेतुरेच करते.

आधी गोळीचं बोलते, बाकी सगळं मागनं. आजपासनं तुझ्या पाकिटातली एकही गोळी तुफानला द्यायची नाही, अर्धी नाही, पाव नाही. आपण अंगदुखीला घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल या गोळ्या कुत्र्याच्या शरीराला आपल्यासारख्या झेपत नाहीत, त्यानं पोटात अल्सर होतात, आतल्या आत रक्त जातं, किडनी नाहीतर लिव्हर बिघडतं, आणि हे बाहेरून दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याची शी डांबरासारखी काळी होतेय का, उलट्या आहेत का, जेवण टाकलंय का एवढं बघ, यातलं एक जरी असेल तर पुढचं वाचत बसू नको, उठ आणि डॉक्टरांकडं ने. कुत्र्यांच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, त्या वजन बघून डॉक्टरच देतात. तू मायेनंच दिलीस हे मला कळतंय, घराघरात देतात, म्हणून तर सगळ्यात वर लिहिलं.

आणि त्या गोळीनं तुला एक गोष्ट सांगितलीय, ती तुझ्या लक्षात आली नाही. तू लिहितोस की गोळी दिल्यावर फरक पडला. आळस गोळीनं जातो का? नाजूकपणा जातो का? गोळीनं जातं ते दुखणं. म्हणजे तुफानला दुखतंय, आणि महिनाभर तो दुखऱ्या पायांनी तुझ्यामागं घाट चढतोय. तू विचारतोस स्टॅमिना कसा वाढवू, पण तिसऱ्या वळणावर खाली बसणारं अकरा महिन्यांचं पोरगं स्टॅमिना कमी पडला म्हणून बसत नाहीये रे. त्याला बोलता येत नाही, बसता येतं, म्हणून तो बसतो. आणि तू ओढलंस की उठतो, कारण तू ओढतोयस.

आता ते लंगडणं. एकच पाय कायम धरत असेल तर आपण काटा, नख, मुरगळणं असं काहीतरी शोधतो, पण तू लिहिलंयस कधी डावा कधी उजवा, आणि हे फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना पहिल्या वाक्यात हेच सांग. मोठ्या चणीच्या कुत्र्यांच्या पोरांना, साधारण पाच महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, लांब हाडांच्या आत सूज येऊन असं पाय बदलून बदलून लंगडणं होतं, पॅनोस्टियायटिस म्हणतात त्याला, तो विश्रांती घेतली की हळूहळू आपला आपण जातो, पण विश्रांती घ्यावी लागते. दुसरी शक्यता गोचीडतापाची, आपण टिक फीवर म्हणतो तो. एर्लिकिया नावाचा जंतू गोचीड चावल्यावर रक्तात जातो, प्लेटलेट्स पडतात, सांधे सुजतात, कुत्रं मलूल होतं, बसून राहतं, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातनं रक्त येतं. घाटातल्या गवतात चार महिने फिरलेल्या कुत्र्याला गोचीड लागला नसेल असं मी तरी म्हणणार नाही. तुझा तुफान बसतोय तो पायानं बसतोय का तापानं, हे तुला मला सांगता यायचं नाही, रक्ताची तपासणी सांगेल. निघालाच तर औषधाचा कोर्स तीन-चार आठवड्यांचा असतो, पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, तसं करू नको. आणि तिसरी शक्यता, कोपराच्या सांध्यात किंवा हाड जिथून वाढतं त्या कूर्चेला इजा झाली असण्याची, त्याला एक्स-रे लागेल. साताऱ्यात सोय झाली नाही तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्याच जिल्ह्यात, हायवेला, तास-सव्वा तासात पोचशील.

हाड वाढायचं थोडं नीट सांगते, कारण हे फक्त तुझ्यासाठी नाही, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन पाळणारे सगळे इथंच चुकतात. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांना मऊ कूर्चेचा एक थर असतो, तिथं नवीन हाड तयार होत जातं आणि वाढ पुरी झाली की तो थर पक्का होतो. लहान चणीच्या कुत्र्यांचं हे वर्षाच्या आत उरकतं, मोठ्या चणीला वर्ष-दीड वर्ष लागतं. दिसायला कुत्रं आठव्या महिन्यातच पूर्ण उंच दिसतं, तिथंच आपण फसतो. पोरं पोरं एकत्र खेळतात, पळतात, थांबतात, लोळतात, त्यानं काही होत नाही, ते हवंच. पण डांबरावर, एकाच चालीनं, तासभर न थांबता, आणि तेही उतारावर, हे त्या मऊ थराला सोसत नाही. कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं, घाट उतरताना ते आणखी पुढं येतं. तुला चढ अवघड वाटतो, तुफानचं नुकसान परतीच्या वाटेवर जास्त होत असणार. तो पुढचेच पाय धरतोय, मागचे नाही, याचा विचार कर.

आता "कारवानी आहे, पळायलाच जन्मलाय" हे वाक्य. हे तुझ्या पत्रात थेट नाही पण सगळ्या पत्रात आहे, नावसुद्धा तुफान ठेवलंयस. कारवानी पळायला जन्मलाय हे खरंच आहे, पण किती आणि कसं? तो नजरेनं शिकार करणारा कुत्रा, ससा दिसला की सुटायचं, मिनिटभर जीव तोडून पळायचं आणि मग धापा टाकत सावलीला पडायचं. त्याच्यासारखाच नजरेनं शिकार करणारा ग्रेहाउंड, तासाला 70 किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, आणि त्याच्या शर्यती बहुतेक 500 मीटरच्या आसपास असतात, अर्ध्या मिनिटात खेळ खलास. लांब पळणारी कुत्रीही जगात आहेत, अलास्कात बर्फावर गाडी ओढत हजार-दीड हजार किलोमीटर जाणारी, पण ती केसाळ, बर्फातली, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामासाठी निवडलेली. तुझा तुफान माणचा. छाती खोल, पोट आत, अंगावर चरबी नाही, तो वाऱ्यासारखा जाऊन येईल, पण 21 किलोमीटरच्या तयारीला सोबत म्हणून तो नाही. त्याच्या जातीचा मान ठेवायचा असेल तर त्याला कुंपण असलेल्या मोकळ्या रानात चार-पाच वेळा मनसोक्त सुटू दे, पाय बरे झाल्यावर. ते त्याचं पळणं. घाट हे तुझं पळणं.

वडिलांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं बघितलेलं आहे. माझं माहेर दहिवडीकडचं, धनगराची कुत्री मी लहानपणापासून बघितलीत. ती दिवसभर पळत नाहीत. ती मेंढरांच्या चालीनं चालतात, दुडक्या चालीनं पुढं जातात, हुंगतात, मागं येतात, उन्हं चढली की बाभळीखाली माती उकरून थंड खड्ड्यात पडून राहतात, उन्हं कलल्यावर परत उठतात. कधी थांबायचं हे त्यांचं ती ठरवतात, त्यांच्या गळ्यात दोरी नसते. वडिलांना एवढंच विचार, त्यांनी बघितलेलं रानातलं कुत्रं दुपारी कुठं असायचं. मला खात्री आहे त्यांना आठवेल.

सगळ्यात जास्त मला ज्यावर बोलायचंय ते हे, की तू म्हणतोस त्याला आवडतं. पट्टा हातात घेतला की उड्या मारतो म्हणून. मला सांग, तू पट्टा घेऊन फक्त कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत निघालास तर तो उड्या मारत नाही का? मारतोच. त्याला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळतं की तू निघालायस आणि त्याला बरोबर घेतोयस. शिफ्ट करून येणाऱ्या माणसाचा दिवसातला एक तास पूर्ण त्याचा, यासाठी तो उड्या मारतो आणि यासाठीच तो दुखरे पाय घेऊन चढतो. आपण दमलो तर थांबतो, रागावतो, उद्या सुट्टी घेतो. कुत्रं यातलं काही करत नाही, मालक पुढं चाललाय म्हणजे जायचं, म्हणून कुत्र्याबरोबर पळताना थांबायचं कधी हे त्याच्यावर सोडून चालत नाही.

हे मला आयुष्यात फार महागात पडून कळलंय. आमच्याकडं मोती होता, गावठी, तांबडा, चार वर्षांचा, ठणठणीत. तेव्हा आमच्या घरात त्याला मोपेडमागं पळवायची पद्धत होती, सगळेच पळवायचे, अजूनही कोरेगाव रस्त्याला संध्याकाळी दिसतात. एप्रिल महिना, साडेपाच वाजलेले, ऊन उतरलं असं समजून आमच्या घरच्यांनी त्याला नेला. उन्हं उतरली होती पण रस्ता तापलेलाच होता. परत आला तो जीभ पार बाहेर, तोंडातनं घट्ट लाळ, डोळे लाल, पाय लटपटत, आणि आला तो अंगणात आडवाच झाला. आम्ही काय केलं, वाटी तोंडाला लावून पाणी पाजत बसलो, तो पीत नव्हता तरी, आणि त्याच्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं, थंड वाटेल म्हणून. ते पोतं दहा मिनिटांत गरम झालं आणि आतली उष्णता आतच कोंडून राहिली. दवाखाना गाठेपर्यंत अंधार पडला. मोती रात्रीच गेला. पंधरा वर्षं होत आली, अजून तो लाल डोळ्यांचा चेहरा मला दिसतो.

म्हणून हे नीट वाच, आणि कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकानं वाचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार तळपायाला येतो तेवढाच, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकूनच जायची. त्याचं नॉर्मल तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट, आपल्याला जे ताप वाटतं ते त्याचं रोजचं. 104 च्या वर गेलं की धोका, 106 ला आतले अवयव बिघडायला लागतात. धाप लागलेली थांबत नाहीये, जीभ टोकाला चमच्यासारखी रुंद झालीय, हिरड्या गडद लाल झाल्यात, चाल लटपटतीय, असं काही दिसलं की जागच्या जागी थांबायचं, सावलीत न्यायचं आणि नळाचं, बाटलीचं, मिळेल ते साधं पाणी अंगावर ओतायचं, पोट, मांड्यांचा आतला भाग, छाती, आणि ओतत राहायचं, वरनं वारा घालायचा. पोतं, टॉवेल पांघरूण घालायचं नाही. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतायचं नाही, श्वासात जातं. आधी गार करायचं, मग गाडीत घालून डॉक्टरकडं, आणि गाडीतही खिडक्या उघड्या ठेवून ओलंच ठेवायचं. नंतर उठून बसला, शेपूट हलवली, तरी दाखवायचंच, कारण किडनीचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं.

आणि हे फक्त उन्हाळ्यातलं नाही. यवतेश्वरला जूननंतर धुकं, रिमझिम, आपल्याला वाटतं मस्त गार हवा आहे. पण हवेत दमटपणा भरपूर असला की जिभेवरचं पाणी वाळत नाही, आणि ते वाळलं तरच कुत्रं गार होतं, त्यामुळं धुक्यातही कुत्रं तापतं. उन्हाळ्यात साधी खूण, हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघ, तुला ठेववत नसेल तर त्याच्या तळव्यांना कसं ठेववेल.

बरं, आता करायचं काय. माझं स्पष्ट मत आहे की तुफानचं पळणं आजपासनं बंद, डॉक्टर जोवर हो म्हणत नाहीत तोवर, आणि डॉक्टर काही गंभीर नाही म्हणाले तरी तो सव्वा-दीड वर्षाचा होईपर्यंत लांबचं पळणं नाहीच. तुझी तयारी तू एकट्यानं कर, त्यात गिल्टी वाटायचं काही नाही. उलट असं कर, तुझं घाटातलं पळून घरी ये, आणि तुझा शेवटचा अर्धा तास, जेव्हा तुलाही पाय मोकळे करायला चालायचंच असतं, तो त्याचा. पट्टा लांब सोड, सपाट मातीचा रस्ता, शेताकडची पाणंद, गोडोली तळ्याची बाजू, कुठंही, आणि त्याला हुंगू दे. हे हुंगणं म्हणजे टाइमपास नाही, एका खांबापाशी दोन मिनिटं उभा राहून तो जे वाचतो त्यानं त्याचं डोकं दमतं, आणि चपला फाडणारं कुत्रं पायापेक्षा डोक्यानं रिकामं असतं. तू त्याला जितकं लांब पळवशील तितकी त्याची ताकद वाढेल आणि उद्या त्याहून लांब लागेल, याला शेवट नाही. शिफ्टच्या दिवशी तुला वेळ नसला तर घरच्यांना सांग, त्याचा सकाळचा खाऊ ताटलीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून द्या, अंगणात विखरून द्या, वीस मिनिटं शोधत बसेल. फक्त कुणीतरी जवळ असू दे, टॉवेल गिळायला नको.

गेटपाशी रडण्याचं म्हणशील तर सुरुवातीचे आठ-दहा दिवस रडेल. त्याला चार महिने सवय तू लावलीस, मोडायला थोडे दिवस जातील. जाताना मोठा निरोप घेऊ नको, शूज बाहेर जाऊन घाल, खाऊ दे आणि नीघ. परत आलास की दर वेळी त्याला बाहेर नेतोस हे त्याच्या लक्षात आलं की वाट बघत बसेल, रडणार नाही.

पुढं हाडं भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुरू करशील तेव्हा एक मिनिट हळू पळणं आणि तीन मिनिटं चालणं, असं सगळं मिळून वीस मिनिटं, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पळणं दोन मिनिटं. असं करत करत तीन-चार महिन्यांनी सपाटीवर चार-पाच किलोमीटर, थंडीच्या दिवसांत, पहाटेच्या अंधारात नको, फटफटल्यावर. कारवानीला मोठेपणीही एवढं पुरे असं मला वाटतं, बाकीच्या जातींचं थोडं इकडंतिकडं. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी नको, छातीवरनं जाणारा हार्नेस घे, खांदे मोकळे राहतील असा. आणि एक नियम पाळ, दोरी कायम ढिली. तो पुढं किंवा बाजूला आहे तोवर ठीक, ढिल्या दोरीनं तो तुझ्या मागं पडला की त्या दिवशीचं पळणं संपलं, तिथनं चालत घरी. परत ओढायचं नाही.

पहाटे अंधारात का नको म्हणते, तर बिबट्या. यवतेश्वर, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या तू माझ्याइतक्याच वाचतोस. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला होता त्यात सगळ्यात जास्त खाल्लेलं जनावर पाळीव कुत्रंच निघालं होतं, शेळी नाही, वासरू नाही. अंधारात कुत्रं बरोबर असलं की तू सुरक्षित नसतोस, उलट बिबट्याच्या आवडीचं काहीतरी तू दोरीला बांधून चाललेला असतोस. आणि कासच्या पठारावर तर कुत्रं मोकळं सोडायचंच नाही, ते फुलांचं रान आहे, जमिनीवर पक्षी असतात.

पावसाळ्यातनं आल्यावर दहा मिनिटं त्याच्या अंगाला दे. बोटांच्या मधल्या जागा, कानाच्या आत, काखा, शेपटीखाली, गोचीड तिथंच असतात. पाय कोरडे करायचे नाहीतर बोटांत बुरशी होते आणि तो चाटत बसतो. नखं टाइलवर टकटक वाजत असतील तर वाढलीत, ती काप, वाढलेल्या नखानं बोटं वाकडी पडतात आणि चाल बिघडते. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नको, उंदरांच्या मुतानं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार, पसरतो. त्याची लस एकत्रित लसीत असते, घेतलीय का कार्ड बघ, रेबीजची दरवर्षीची पण, पळणाऱ्या कुत्र्याची रस्त्यावरच्या कुत्र्यांशी गाठ पडतेच.

खाण्याचं तू काही लिहिलं नाहीस. नुसत्या दूध-चपातीवर असेल तर त्या वयाला पुरत नाही, अंडं, उकडलेलं चिकन हाड काढून, किंवा चांगलं तयार खाद्य लागतं. पण पाय दुखतात म्हणून कुणी कॅल्शियमचं टॉनिक चालू करायला सांगितलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नको, मोठ्या चणीच्या वाढत्या पोरांत जास्तीच्या कॅल्शियमनं हाडं बिघडतात. खाऊन लगेच पळवायचं नाही, पळून आल्या आल्या भरपेट घालायचं नाही, दोन्हीकडं दीड-दोन तास जाऊ देत. कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो, कुत्रं ओकायचा प्रयत्न करतं पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं होतं, आणि मग हातात थोडेच तास असतात. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून शेजारीपाजारी उपाशी ठेवतोस म्हणतील, तिकडं लक्ष देऊ नको, त्या जातीची ठेवणच तशी. ज्यांच्याकडं लॅब्रॅडॉर आहेत त्यांनी उलटं लक्ष ठेवा. 48 लॅब्रॅडॉरना पिल्लूपणापासून शेवटपर्यंत बघत केलेला एक अभ्यास 2002 मध्ये छापून आला, त्यात भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खाल्लेली कुत्री साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. जाड झालेल्या लॅबला पळवून बारीक करू नका, आधी ताटली कमी करा, मग चालवा.

राहिलं शेतावर सोडायचं. हे मला पटत नाही, आणि कारण सांगते. तू ते त्याच्यासाठी म्हणतोयस असं तुला वाटतंय, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की रोज गेटपाशीचं रडणं तुला सहन होत नाहीये, म्हणून डोळ्याआड करावासा वाटतोय. शेतावर तो मोकळा असेलही, पण कुणाच्या नजरेखाली? लंगडला तर कोण बघणार, गोचीड कोण काढणार, पिकाला मारायचं औषध टाकलेलं काही खाल्लं तर रात्रीत कोण डॉक्टरकडं नेणार? चुलता प्रेमाचा असेल, पण इतके महिने तुझ्या पायाशी झोपलेल्या कुत्र्याला मोकळं रान म्हणजे तू नसलेलं रान. काही लोकांची खरंच अडचण असते, बदली, आजारपण, तेव्हा चांगल्या हातात देणं योग्यच. तुझी तशी अडचण नाही, बायको त्याच्या बाजूनं बोलतेय, घरात माणसं आहेत. ती पहिल्यापासनं बरोबर होती, तिला हे पत्र दाखव.

मॅरेथॉनच्या दिवशी त्याला चीअर करायला चौकात आणू का, असं तू विचारलं नाहीस पण मनात येईल. नको, ढोल, गर्दी, हजारो पाय. घरी राहू दे. मेडल दाखवायला तू घरीच येणार आहेस, तेव्हा अर्धा तास त्याचा.

आणि उद्या डॉक्टरांकडं जायच्या आधी एक काम कर. दवाखान्यात कुत्रं घाबरतं आणि भीतीत सरळ चालतं, डॉक्टरांना लंगडणं दिसतच नाही, दहा वेळा तरी असं झालेलं मी बघितलंय. म्हणून सकाळी तो अंथरुणातनं उठला की लगेच, गोळी न देता, अंगणात चालताना त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढ, बाजूनं एक आणि समोरनं एक, हळू चालवत. डोक्याकडं बघ, दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं आणि चांगला टेकला की खाली. तो पाय कोणता ते तारखेसकट लिहून ठेव, अर्ध्या गोळ्या कोणत्या आणि कधी दिल्यास तेही न लाजता त्याच कागदावर लिही, आणि तो कागद घेऊन जा.